कोरड्या विहिरीचा दाखला

३ नोव्हेंबर १९५२

पोचलो एकदाचे. नगरहून निघताना थोरल्या भावानं बजावलं होतं, कोल्हापूरची माणसं प्रेमानं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात, घाबरू नकोस. स्टेशनावरच्या टांगेवाल्यानं त्याचा शब्द खाली पडू दिला नाही. 'पावणं, सामान किती हाय ते आदी सांगा की,' असं तो एवढ्या जोरात म्हणाला की नंदिनी माझ्यामागं सरकली. पुढं तिला दिवस गेलेत हे त्याच्या ध्यानात आलं आणि कळंब्यापलीकडच्या माळापर्यंत दर खड्ड्याला तो खाली उतरून घोड्याचा लगाम धरून चालला. वर मलाच सुनावलं, असल्या बाईमाणसाला एवढ्या लांबनं घेऊन येतात व्हय.

मगदुमांचा रंगखाना माळाच्या माथ्यावर आहे. आम्हाला शेजारीच दोन खोल्या दिल्यात, पुढं ओटा, मागं न्हाणी. दारात उभं राहिलं की एका बाजूला कळंब्याचं तळं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला उताराच्या पायथ्याशी धनगरवाडी, तिचं बिरोबाचं देऊळ, देवळापुढं विहीर. आमचं पिण्याचं पाणी कारखान्याची बैलगाडी तळ्यावरून पिंपात भरून आणते, त्यामुळे नंदिनीला घागर उचलायला लागणार नाही.

मालक चन्नवीर मगदूम स्वतः भेटायला आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा कोट, आणि आवाज इतका हळू की माणूस या गावचा वाटत नाही. मला 'केमिस्टसाहेब' म्हणाले. आजवर मला सगळे अंबादासच म्हणत आले. ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं, हे इथं लिहायला काय हरकत आहे.

नंदिनीला चौथा चाललाय. मागची दोन्ही राहिली नाहीत, एक पाचव्यात गेलं, एक सातव्यात. तिची आई नाही, माहेर नावापुरतं, म्हणून बाळंतपण इथंच करायचं. आल्याआल्या तिनं ओट्यावर तुळशीची जागा ठरवली आणि मग पाळणा कुठं टांगायचा ते आढ्याकडं बघून ठरवलं. ते मी न पाहिल्यासारखं केलं.

१२ नोव्हेंबर

काम समजलं. इथं खाकी रंगते, पोलिसांची, होमगार्डांची, मोटारड्रायव्हरांची. त्यासाठी लागणारे बायक्रोमेटचे केशरी खडे मालकांनी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात पिंपंच्या पिंपं घेऊन ठेवलेत. दिसायला खडीसाखर, जात विषारी.

मुकादम नागाप्पा हा मोठा वल्ली आहे. पहिल्याच दिवशी त्यानं मला आपली करामत दाखवली. एका नाकपुडीत सुताचा धागा घातला, दुसरीतून बाहेर काढला आणि दोन्ही टोकं धरून मागंपुढं ओढला. 'बायकूपेक्षा मलाच नथ शोभंल, व्हय का न्हाय?' सगळे हसले, मीही हसलो. खड्यांच्या धुळीनं नाकातला पडदा झिजून भोक पडतं हे पुस्तकात वाचलं होतं. त्याच्या बोटांवरही मसुराएवढी गोल भोकं आहेत आणि ती दुखत नाहीत म्हणे. मी सगळ्यांना तोंडाला फडकी बांधायला सांगितली. ती त्यांनी डोक्याला बांधली.

मला मुद्दाम बोलावलंय ते वेगळ्या कामाला. रंगाचं पिवळं सांडपाणी आजवर ओढ्यात सोडत आणि ओढा जातो तळ्याकडं. संस्थान विलीन झालं, मुंबईचे कायदे आले, कायद्यामागून इन्स्पेक्टर आले. त्यांची नोटीस अशी की ओढ्यात सोडणं बंद, हे पाणी कुणाच्याही पिण्याच्या पाण्यात जाणार नाही अशी सोय करा आणि तशी सोय असल्याचा केमिस्टचा दाखला द्या. कारखान्यामागं मालकांच्या वडिलांनी खोदलेली विहीर आहे. खोल खोल गेले, थेंब लागला नाही, शेवटी सोडून दिली. मालकांचं म्हणणं, जिथं जमिनीत पाणीच नाही तिथं घाण सोडली तर ती कुणाच्या तोंडी जाणार? मला हे एकदम पटलं. नोटिशीतल्या प्रत्येक शब्दाला उत्तर मिळत होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज गंमतच झाली. वाडीच्या लोकांना आमचा बेत कळला आणि ते काळजीत पडले. अख्ख्या वाडीला देवळापुढची ती एकच विहीर. त्यांच्या समाधानासाठी मालकांनी त्यांचाच पाणाड्या बोलावला. केरबा त्याचं नाव. जन्मभर पाणी शोधलेल्या माणसाला पाणी नसलेली जागा दाखव म्हणायचं, हे त्यालाही नवीन होतं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो कोरड्या विहिरीभोवती हळूहळू फिरला. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात. नारळ ढिम्म हलला नाही. 'हितं पाणी न्हाय,' केरबा म्हणाला, 'पाण्याचा वास बी न्हाय.' माझं शास्त्र आणि त्याचा नारळ यांचं एकमत झालेलं पाहून मला हसू येत होतं.

तरी चार म्हातारी माणसं अडून बसली. साहेबांनी बेलभंडारा उचलावा म्हणाली. देवळात गेलो. पुजाऱ्यानं तळहातावर बेलाचं पान ठेवलं, पानावर भंडाऱ्याची चिमूट. शपथ जिवाभावाच्या वस्तूची घ्यावी लागते म्हणे. सगळा दिवस यातच गेला होता, भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला खात्री होती. मी म्हणालो, आम्ही सोडलेल्यातला एक थेंब जरी तुमच्या विहिरीत आला तर माझं होणारं मूल बिरोबाचं.

पुजारी एक पाऊल मागं सरला. एवढी मोठी शपथ त्यांनाही नको असावी. धोंडुबाई म्हणून वाडीची सुईण आहे, ती नंदिनीला तपासून जाते. ती म्हातारी तेवढी पुटपुटली की लेकरू अजून आलं न्हाय आन् त्याच्या नावावर उचल कसली करतासा. मी हात झटकून बाहेर आलो. संध्याकाळी दाखल्यावर सही केली. नंदिनीला शपथेचं सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेईल.

१८ डिसेंबर

सगळं झकास चाललंय. इन्स्पेक्टरांची मंजुरी आली. रोज रंगाच्या टाक्या रिकाम्या होतात, पत्र्याच्या पन्हळीतून पाणी कोरड्या विहिरीत जातं आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर विहीर रिकामी. नागाप्पा म्हणतो ही विहीर हाय का हत्तीचं प्वाट. मालक खूश आहेत. या व्यवस्थेवर एक टिपण लिहून मुंबईच्या एखाद्या मासिकाला पाठवावं असं माझ्या मनात आहे.

धोंडुबाई एक दिवसाआड येऊन नंदिनीला तेल लावते. पाचवा महिना सरला. सरला त्या दिवशी नंदिनीनं मला गोडाचा शिरा वाढला.

१४ जानेवारी १९५३

संक्रांत. वाडीतल्या बायका नंदिनीला वाण देऊन गेल्या. सातवा लागलाय. पोटातला पोरगा (ती म्हणते पोरगाच) दुपारी जेवण झालं की लाथा मारतो. मी हात ठेवून पाहिला. बापाला पहिली लाथ बसली, असं म्हणून ती खूप हसली. इतकी हसलेली मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती.

नागाप्पानं एक सांगितलं. विहिरीत पाणी पडताना पूर्वी खाली खडकावर आपटल्याचा आवाज यायचा, आता येत नाही म्हणे. माळावर वाराच इतका आहे की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, असं मी त्याला सांगितलं.

८ फेब्रुवारी, रविवार

वाडीत सकाळपासून ढोल वाजतायत. नागाप्पा पळत सांगायला आला की बिरोबानं आपल्या विहिरीत भंडारा टाकलाय. मी चपला अडकवल्या आणि मजा बघायला म्हणून खाली उतरलो.

विहिरीच्या कडेला सावली होती तिथं पाणी नेहमीचं होतं. ऊन पडलं होतं तिथं पिवळं. गढूळ नव्हे. तळाचे दगड दिसावेत इतकं स्वच्छ आणि पिवळं. बायका घागरी भरून नेत होत्या, पोरं एकमेकांवर उडवत होती. भंडाऱ्यानं सगळ्यांचे चेहरे माखलेले. पुजाऱ्यानं माझ्याही हातावर पळीभर तीर्थ घातलं. सगळे माझ्याकडं बघत होते. ओंजळ ओठांपर्यंत नेली, प्यायल्यासारखं केलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

हा रंग मी रोज पाहतो.

९ फेब्रुवारी

काल बाटलीत थोडं आणलं होतं. प्रयोगाच्या खोलीत दार लावून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. लाल झालं. विटेच्या रंगाचा गाळ खाली बसला. बाटली बदलली, पुन्हा केलं, पुन्हा लाल. आमचंच आहे.

११ फेब्रुवारी

कमरेला दोर बांधून कोरड्या विहिरीत उतरलो. नागाप्पा आणि दोघं वर दोर धरून होते. तळाशी एवढे महिने ओतलेल्या पाण्याचा मागमूस नाही, फक्त खडकावर पिवळी साय. उताराच्या बाजूला खडकात उभी भेग आहे, कडा खचून रुंद झालेली, पन्हळीची धार आता थेट तिच्यातच पडत असणार. मी हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. आतून गार वारा येत होता, सारखा, एका लयीत.

या विहिरीला पाणी लागत नव्हतं असं नाही. लागलेलं ठरत नव्हतं. सगळं या भेगेतून खाली वाडीच्या विहिरीला जात होतं, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून. गळकी घागरही कोरडीच असते, एवढी साधी गोष्ट केरबाला सुचली नाही, मालकांना नाही, इन्स्पेक्टरांना नाही, आणि मी तर त्यावर सही केली.

वर आल्यावर नागाप्पानं विचारलं, काय दिसलं. काही नाही म्हणालो.

१३ फेब्रुवारी

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कुठं सोडायचं? ओढ्यात सोडलं तर ते तळ्यात जातं आणि तळं अर्धं कोल्हापूर पितं. बंद ठेवलं तर शंभर घरांची चूल बंद. मी म्हणालो, निदान वाडीला सांगू या. ते म्हणाले, तुम्हीच सांगा, भंडारा तुम्ही उचललात. हे म्हणताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला परवडला असता.

शेवटी आठ दिवस सोडणं बंद ठेवायचं त्यांनी कबूल केलंय. तेवढ्यात रंग ओसरेल.

२१ फेब्रुवारी

ओसरला नाही. आठ दिवस एक थेंब ओतलेला नाही आणि विहीर आता सावलीतही पिवळी आहे. भेगेत किती साठलंय आणि ते किती दिवस येत राहणार, याचा मला अंदाज करता येत नाही. कागदावर मांडतो ते प्रत्येक वेळी आम्ही ओतलं त्याहून कमीच यायला हवं. येतंय जास्त.

शिरोळकडून, कबनूरकडून बैलगाड्या यायला लागल्यात. मालकांनी विहिरीभोवती कट्टा बांधायला विटा आणि चुना पाठवला. देवाच्या कामाला, म्हणाले.

उद्या मी सगळ्यांसमोर प्रयोग करणार आहे. डोळ्यांनी पाहिल्यावर कोण नाही म्हणेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

मला हे नीट लिहून काढलं पाहिजे.

देवळापुढं तीनेकशे माणूस होतं. मी अर्ध्या बांधलेल्या कट्ट्यावर चढून सांगितलं की हे पाणी आमच्या कारखान्याचं आहे, यात विष आहे, पिऊ नका, गुरांना पाजू नका. माझी चूक झाली असंही म्हणालो. केरबा पुढं आला. साहेब, तुमी भंडारा उचललासा, म्हणाला. पोटच्या लेकराची आण घेतलीसा. खोटी आण कोन घेतंय? त्याला माझ्यावर आळ घ्यायचा नव्हता, उलट तो माझी बाजू घेत होता. शपथ खरी, तर पाणी कारखान्याचं नाही. मग ते देवाचं.

मी काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी घेतलं, उंच धरलं आणि थेंब टाकले. पेला लाल झाला.

मला वाटलं, जिंकलो. मग एक म्हातारी ओरडली की हळदीचं कुंकू झालं. हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे इथल्या पोरीबाळींनाही ठाऊक आहे. हळद खरी असल्याशिवाय कुंकू कसं होईल? पेला माझ्या हातातून गेला. बायकांनी तो लाल गाळ कपाळाला लावला, माझ्या कपाळाला लावला, चांगभलं चांगभलं करत मला खांद्यावर घेतलं. मी ओरडत होतो. कुणाला ऐकू येत नव्हतं.

पुसलं तरी कपाळावरचा डाग गेला नाही. सिल्व्हर नायट्रेटनं काळा पडलाय.

५ मार्च

मी इन्स्पेक्टरांना कळवलं होतं की माझा दाखला रद्द समजा. आज ते आले. सभ्य माणूस आहे, बोलणंही नेमकं. म्हणाले, नोटिशीत लिहिलंय की घाण कुणाच्या पिण्याच्या पाण्यात जाणार नाही याची केमिस्टनं खात्री करावी. ती तुम्ही केलीत, तुमची सही आहे. तुमचं आता म्हणणं की तुम्ही चुकलात. मग तुमच्या आजच्या म्हणण्यावर तरी कसा भरवसा ठेवायचा? आणि बाहेरची विहीर देवस्थानाची, ती कारखान्याच्या कायद्यात बसत नाही. वर कळवतो, वेळ लागेल.

जाताना देवळापाशी गाडी थांबवली. ओट्यावरून मला सगळं दिसत होतं. टोपी काढली, ओंजळ पुढं केली, डोळे मिटून प्यायले आणि ओला हात केसांवरून फिरवला.

इन्स्पेक्टर येऊन जाईपर्यंत थांबवलेलं पाणी संध्याकाळपासून कारखान्यानं परत सोडायला सुरुवात केलीय.

१४ मार्च

वाडीतली शेरडं मरायला लागलीत. पोरांना उलट्या होतात. बायकांच्या बोटांच्या पेरांवर मसुराएवढी भोकं, हसत हसत दाखवतात, दुखत न्हाय म्हणतात. देव अंगातलं वाईट काढतोय, असं पुजारी सांगतो. नागाप्पा मात्र आता धाग्याची करामत करत नाही. काल माझ्याकडं न बघता म्हणाला, साहेब, त्या बायकांची बोटं माझ्यागत झाल्यात.

नंदिनीला नववा लागायला आलाय. ती नीट आहे. आमचं पाणी तळ्याचं आहे. हे मी दिवसातून किती वेळा मनाशी म्हणतो.

१७ मार्च

काल पाडवा. देव्हाऱ्यापुढं नंदिनीनं तांब्या ठेवला होता. फुलं काढायला मी तो हलवला. आत पिवळं.

हळद घातलीस का, विचारलं. ती खोटं बोलत नाही. नाही म्हणाली. महिन्याभरापासून धोंडुबाई रोज तिला तीर्थ आणून देते.

मी तांब्या अंगणात फेकला. मग सगळं सांगितलं, भेग, लाल गाळ, शेरडं, नागाप्पाचं नाक. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही बाळाची शपथ घेतलीत ना? धोंडुबाईनं तिला शपथेनंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझी ती वाट बघत होती, मी कधी सांगतो याची.

थेंब आला, ती म्हणाली. म्हणजे बाळ बिरोबाचं झालं. तुम्ही देऊन बसलात. मी रोज त्याचं तीर्थ घेऊन त्याच्याकडून परत मागते. मागची दोन मी कुणाकडं मागितली नव्हती.



२३ मार्च

दवाखान्यात नेतो म्हटलं. डॉक्टर आले, म्हणाले आता टांग्याचे हिसके नकोत, दिवस भरत आले की या. पोटात गेलेल्या विषावर औषध विचारलं. नाही म्हणाले.

नंदिनी माझ्यासमोर तीर्थ पीत नाही. ओठांच्या कडा पिवळ्या दिसतात. की मलाच सगळं तसं दिसतं —

३० मार्च

आज पोटात हालचाल कमी. ती म्हणते, झोपलाय.

विहिरीवर आज हजार माणूस. माझ्या दारासमोरून जाताना हात जोडतात. मला नाही. तिला. तिच्या पोटाला. माझी शपथ सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक झालीय.

२ एप्रिल

दवाखान्यात न्यायला टांगा सोमवारचा ठरवला. तोच स्टेशनावरचा टांगेवाला. येतो म्हणाला, मग थांबला, म्हणाला पावणं, देवाचं लेकरू गावाबाहेर न्यायचं म्हंजी — आणि वाक्य पुरं केलं नाही.

मी पाया पडलो त्याच्या. येतो म्हणाला.

५ एप्रिल, रविवार

पहाटे कळा. एक दिवस आधी. एकच दिवस.

धोंडुबाई आत आहे. मी ओट्यावर. ऊन चढलंय. वाडीतून कुणीच कामाला गेलेलं नाही, सगळे उतारावर बसलेत.

—

मुलगा. रडला. रडला, देवा, मोठ्यानं रडला. नंदिनी हसतेय.

—

पिवळा आहे.

पुसलं. आधी वाटलं वरचं काही. तळवे पिवळे. डोळे उघडले, डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा. जन्मताच इतकी कावीळ — दवाखाना, आत्ता, हातावर घेऊन पळत गेलो तरी —

धोंडुबाई रडतेय. ती म्हणते तिनं अशी शेकडो काढली, असं कधी पाहिलं नाही. बाहेर गेली. कुणाला काही सांगू नकोस म्हटलं होतं.

ढोल.

—

दाराशी आलेत. दार मी लावलंय, टेबल आडवं घातलंय, त्यावरच लिहितोय. ओरडत नाहीत. ते ओरडले असते तर बरं. केरबा बोलतो, हळू, समजावतो. न्हाऊ घालतो आन् माघारी देतो म्हणतो. भंडाऱ्याचं लेकरू, भंडाऱ्याच्या पाण्यात एकदा बुडवलं की तुमची आण फिटली. नवी घोंगडी आणलीय त्याच्यासाठी. फटीतून भंडारा आत येतोय, माझ्या पायांवर.

मागच्या खिडकीतून पाहिलं. तिकडंही आहेत. नागाप्पा त्यांच्यात आहे, हात जोडून.

कुणी वाचलं तर — ते पाणी विष आहे. देव नाही त्यात. मी सोडलं ते. सही माझी, खोटी —

नंदिनी उठली. उठू नकोस म्हटलं, रक्त — तिनं बाळाला उराशी घेतलंय. त्याचा आवाज येत नाही. झोपलाय, म्हणते.

मला म्हणते, टेबल सरकवा. मी नाही म्हटलं. ती रागावली नाही. म्हणाली, शपथ तुम्ही घेतलीत, मला विचारलंत का? मग फेडायलाही मी विचारणार नाही.

मी दाराला पाठ लावून — एका हातानं लिहितोय. तिच्या अंगात एवढं बळ कुठून — टेबल हललं —

नंदिनी, ते पाणी —

कडी तिनंच